कोकणातल्या छोट्या कारखान्याने तळोज्याच्या टीएसडीएफची सेवा घ्यावी का?

घ्यावी. लोटे किंवा महाडच्या रासायनिक कारखान्याने ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेचा) गाळ तळोजा एमआयडीसीतल्या टीएसडीएफलाच, म्हणजे घातक कचऱ्यावर प्रक्रिया आणि विल्हेवाट करणाऱ्या सामायिक केंद्रालाच द्यावा. आवारात पुरू नये, आणि निम्म्या दरात उचलून नेतो म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नये. लोट्याचं पाणी शेवटी दाभोळ खाडीला मिळतं, महाडचं सावित्रीतून बाणकोटला. उघड्यावर पुरलेला गाळ कोकणच्या पावसात झिरपत तिथेच पोचतो, आणि खाडीच्या चिखलात बसलेले जड धातू पुन्हा काढणं जवळपास अशक्य. दाभोळ खाडीतल्या भोई समाजाच्या मासे मरण्याच्या तक्रारी आजच्या नाहीत.

पैसे कशाचे मोजायचे? केंद्रात गाळ ज्यात पुरतात त्या सुरक्षित भराव खड्ड्याला दुहेरी अस्तर लागतं: किमान 1.5 मिलिमीटर जाडीची एचडीपीई (जाड प्लास्टिकची) चादर, खाली दाबलेली चिकणमाती, आणि झिरपलेलं पाणी उपसायची सोय. खड्डा बंद केल्यावरही 30 वर्षं देखरेख. एकट्या कारखान्याला हे झेपणारं नाही.

बिल वजनावर असतं, म्हणून पाण्याचे पैसे भरू नका. 75 टक्के ओलाव्याच्या 10 टन गाळात घनपदार्थ अडीचच टन असतो. फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) आणि छपराखालच्या सुकवण वाफ्यांनी ओलावा 50 टक्क्यांवर आणलात तर तोच माल 5 टन भरतो. लोट्याहून तळोजा जवळजवळ दोनशे किलोमीटर. वाहतूकही तेवढीच वाचते. छप्पर नसलेले वाफे कोकणात जूनपासून निरुपयोगी.

कारखान्यात कचरा साठवण्याची मर्यादा 90 दिवस. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा करणाऱ्याला प्रदूषण नियंत्रण मंडळ 180 दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण ती परवानगी हातात हवी. पावसाळ्यात भरावाचं काम मंदावतं, म्हणून मेअखेर कोठार रिकामं करा.

गाडी फाटकावर अडते ती बहुधा आपल्याच चुकीने. केंद्राने मंजूर केलेला नमुना एक आणि पिंपात दुसरंच: ईटीपीच्या गाळात (घातक कचऱ्याच्या नियमांतला वर्ग 35.3) ऊर्ध्वपातनाचा चिकट अवशेष मिसळलेला. उष्मांक किलोमागे 3200 किलोकॅलरीच्या वर गेला की तो माल भरावात चालत नाही, जाळावा लागतो, आणि दर बदलतो. पहिल्या दिवसापासून पिंपं वेगळी ठेवा. लेबल चमकदार पिवळं, त्यावर लाल अक्षरं, मराठीतही.

मॅनिफेस्टच्या (मालासोबत जाणाऱ्या नोंदपत्राच्या) सात रंगीत प्रतींपैकी पिवळी प्रत गाडी निघताना आपल्याकडे राहते. बरेच जण ती फायलीला लावून मोकळे होतात. पुरावा मात्र निळी प्रत: माल मिळाल्यावर केंद्र सही करून परत पाठवतं ती. ती आली नाही तर पाठपुरावा करा, वाहतूकदाराचं बिल तोवर थांबवा.

वापरलेलं तेल (वर्ग 5.1) या गाडीत चढवू नका, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जातं आणि उलट त्याचे पैसे मिळतात.