चारची की नऊची? भाचीसाठी एचपीव्ही लस
सांगलीत विश्रामबागेला राहणाऱ्या ताईने विचारलं, तेरा वर्षांच्या लेकीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची कुठली लस द्यायची? पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक एचपीव्हीच्या (हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या) ४ प्रकारांवर चालते, गार्डासिल ९ नावाप्रमाणे ९ प्रकारांवर. पण या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे १६ आणि १८ हे दोनच प्रकार असतात, आणि ते दोन्ही लशींत आहेत. नऊवालीतले जादा पाच धरले की आकडा ९० टक्क्यांच्या आसपास जातो. किंमतही कितीतरी पटीने चढते. परवडत असेल तर मी नऊवालीच निवडेन. पण ताई, पैसे साठेपर्यंत थांबू नकोस. विषाणूशी गाठ पडण्याआधी टोचली तरच लस पुरेपूर उपयोगी, म्हणून आत्ता सर्व्हाव्हॅक दे. या वयात सहा महिन्यांच्या अंतराने २ डोस. तिशीनंतरची या कर्करोगाची तपासणी मात्र कुठलीही लस घेतली तरी करायचीच.