खाली बसवलेली जुनी पिकअप: अलाइनमेंट मशीनवर की दोरीवर?

पिकअप दोन-तीन इंच खाली बसवली, उभी असताना झकास दिसते, आणि बघता बघता पुढच्या टायरांची आतली कड गुळगुळीत होते. इथवर आलेल्या माणसाला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल), कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) आणि टो (चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरांतला फरक) म्हणजे काय हे सविस्तर सांगायला नको. त्याचा प्रश्न एवढाच असतो: थ्रीडी मशीनच्या रॅकवर गाडी चढवावी, की सपाट जागा बघून, तंगूस ताणून, पोलादी पट्टी आणि डिजिटल कोनमापक घेऊन स्वतःच बसावं? मी दोन्ही केलं आहे. शेवटी कशावर टिकलो ते लपवणार नाही, पण मशीनला नावं ठेवायचाही हेतू नाही.

आधी गाडी खाली कशी बसवली आहे ते बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. ड्रॉप स्पिंडल लावले असतील तर चाकाचा स्टब (ज्या दांड्यावर चाक फिरतं तो) तेवढा वर सरकलेला असतो, आर्म (चाकाला चासीशी जोडणारे हात) जवळपास मूळच्याच कोनात राहतात. कॅम्बर फारसा बिघडत नाही. अशा गाडीला मशीन पुरतं, दोरीच्या भानगडीत पडू नका. पण आखूड स्प्रिंग टाकून किंवा टॉर्शन बारचा (पिळाने स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचा) बोल्ट सैल करून बसवली असेल, तर वरचा आर्म खालच्यापेक्षा आखूड असल्यामुळे चाकाचा माथा आत ओढला जातो. टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि खालचा आर्म आता वेगवेगळ्या चापात फिरतात, म्हणून टोही हलतो. खरी गोम पुढे आहे. या उंचीवर टो नुसता बदललेला नसतो, गाडी जराशी वर-खाली झाली की तो भराभर बदलत असतो.

हे तपासायला सोपं आहे. गाडी तिच्या रोजच्या उंचीवर असताना टो मोजा. मग पुढच्या क्रॉस मेंबरखाली जॅक लावून नाक फक्त 10 मिमी उचला, चाकं जमिनीलाच टेकलेली असू द्या, आणि परत मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर कुठेही अलाइनमेंट करा, फारसं बिघडणार नाही. फरक दीड-दोन मिमी निघाला तर पुढचं नीट वाचा.

मशीनचे गुण खरे आहेत. चारही चाकं एकदम दिसतात, मागचा ॲक्सल चासीला सरळ आहे की तिरका हे लगेच कळतं, आणि गाडी थोडी पुढे-मागे ढकलली की रिमचा वाकडेपणा मशीन स्वतःच हिशेबात धरतं. कॅस्टर तर घरी मोजायचा म्हणजे कटकट असते: चाक 20 अंश बाहेर, मग 20 अंश आत वळवायचं, दोन्ही वेळच्या कॅम्बरमधला फरक दीडने गुणायचा. मशीनवर हेच काम स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवण्याएवढं आहे.

अडचणी सुरू होतात त्या रॅकवर चढतानाच. पुढचं बंपर रॅम्पला घासतं, म्हणून आधी फळ्या टाकाव्या लागतात. मागचं चाक मडगार्डच्या आत गेलं असेल तर क्लॅम्पचा वरचा पंजा रिमवर बसत नाही. पण यातून वाट निघते. पडद्यावरचे आकडे त्याहून फसवे. मशीनमध्ये भरलेलं माप कारखान्यातून निघालेल्या उंचीचं असतं, आणि गाडी पुरेशी जुनी असेल तर ते बायस टायरच्या (रेडियलच्या आधीच्या टायरच्या) जमान्यातलं असतं. त्या मापात कॅस्टर बराच कमी धरलेला असतो. रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर 3 ते 4 अंश कॅस्टर मला योग्य वाटतो, दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको. कॅम्बर उणे (माथा आत) अर्धा अंश असावा, उणे एकपर्यंत चालवून घ्यावा. टो एकूण 1 ते 2 मिमी आत. रॅकवरच्या माणसाला हे आकडे कागदावर लिहूनच द्या, नाहीतर तो टो तेवढा हिरव्या पट्ट्यात आणतो, कॅम्बरचा लाल आकडा दाखवून ‘खाली केलीय ना साहेब, एवढं राहणारच’ म्हणतो, आणि गाडी खाली उतरवतो. राहणारच असं नसतं. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) असतात. ते काढायला-घालायला वेळ लागतो, म्हणून ते राहतं.

तरीही एवढ्यावरून मशीन सोडलं नसतं. सोडलं ते एका बारीकशा गोष्टीमुळे. गाडी खाली बसलेली, टाय रॉडच्या स्लीव्हपर्यंत (त्याची लांबी बदलणाऱ्या नळीपर्यंत) हात पोचत नाही, म्हणून माणूस नाक जॅकवर घेतो. स्लीव्ह फिरवतो, जॅक सोडतो, आणि लगेच पडद्याकडे बघतो. आता सस्पेन्शन खाली आलेलं दिसतं, पण बसलेलं नसतं. आर्मच्या सांध्यातल्या बुशचं रबर पिळलेलं असतं, टायरची खालची बाजू आत ओढलेली राहते. टर्न प्लेटच्या (चाकाखालच्या फिरत्या-सरकत्या तबकडीच्या) खिळा काढायच्या राहिल्या असतील तर चाकं बाहेर सरकायलाही जागा नाही. नाक खऱ्या उंचीपेक्षा 10-15 मिमी वर अडकून असतं. वर सांगितलेली चाचणी आठवा: तेवढ्या उंचीत टो किती पळतो? मशीन अंशाचा शंभरावा भाग दाखवतं, आणि तो बरोबरच असतो. फक्त ती गाडी त्या उंचीवर कधी धावतच नाही. सगळे आकडे हिरवे असलेला कागद हातात घेऊन निघायचं, आणि पहिल्याच खड्ड्यानंतर स्टिअरिंग तिरकं.

खिळा काढा, बंपर चार-पाच वेळा दाबा, शक्य असेल तर गाडी मागे-पुढे करा, मग आकडा वाचा, असं सांगता येतं. काहीजण ऐकतातही. पण प्रत्येक फिरवणीनंतर हे करायचं म्हणजे अर्ध्या तासाचं काम दोन तासांवर जातं, आणि रॅकच्या मागे दुसरी गाडी उभी असते. त्या माणसाचा दोष मी धरत नाही.

दोरीचं बलस्थान नेमकं इथे आहे. प्रत्येक पाव फेरीनंतर गाडी ढकलून परत मोजायला कोणी आडवं येत नाही.

तयारी मात्र चोख लागते. आधी बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, चाकाचे बेअरिंग आणि जुन्या गाड्यांत हमखास ढिला झालेला आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या जोडदांड्याची दुसरी बाजू धरणारा हात) तपासा. यात खेळ असेल तर मशीन आणि दोरी दोन्ही व्यर्थ. वरच्या-खालच्या आर्मचे बुश रबराचे असतील तर त्यांचे नट सैल करून, गाडी तिच्या नव्या उंचीवर बसवून, मग आवळा. गाडी खाली करताना हे सहसा राहून जातं, आणि पिळलेलं रबर नाक सतत वर रेटत राहतं. हवा सारखी भरा. चालकाच्या सीटवर 70 किलोचं वजन ठेवा.

जमीन पाणसळीने किंवा पाण्याच्या नळीने तपासा. दोन चाकांत 1400 मिमी अंतर आणि जमिनीत 5 मिमी उतार असेल, तर कॅम्बर तिथेच 0.2 अंश चुकतो. खालच्या चाकाखाली प्लायवूडचे तुकडे घाला. पुढच्या दोन्ही चाकांखाली पत्र्याचे दोन-दोन तुकडे, मध्ये ग्रीस. टर्न प्लेटचं काम तेच करतात.

दोरीसाठी दोन सारख्या लांबीचे सरळ पाइप घ्या, दोन्हींवर खाचा तंतोतंत सारख्या अंतरावर. एक पाइप पुढच्या बंपरसमोर, एक मागे, चारही टोकं स्टँडवर, तंगूस हबच्या मध्याच्या उंचीवर. आता पुढच्या डाव्या आणि उजव्या हबच्या मध्यापासून दोरीचं अंतर सारखं करा, मग मागच्या दोन्हींचं सारखं करा. पुढचं अंतर मागच्याशी जुळवायला जाऊ नका. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) आणि मागचा ट्रॅक क्वचितच सारखा असतो, आणि नवशिक्याची दोरी नेमकी इथेच चुकते.

मागच्या रिमची पुढची आणि मागची कड दोरीपासून मोजा. डावी-उजवी बाजू जुळत नसेल तर ॲक्सल तिरका आहे. कमान (पाट्यांची स्प्रिंग) आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घातले असतील तर त्यांची खुंटी ॲक्सलच्या भोकात घट्ट बसली आहे का ते बघा. दोन कमानींमध्ये सुमारे एक मीटर अंतर असेल आणि एका बाजूला ॲक्सल 3 मिमी मागे सरकला असेल, तर 0.17 अंशाचा तिरकेपणा येतो. यू-बोल्ट सैल करूनच तो काढायचा. पुढचा टो कितीही जुळवला तरी मागच्याने तिरकं चालवलेलं स्टिअरिंग सरळ होत नाही.

कॅम्बरला कोनमापक रिमच्या कडांना टेकवा. तो नसेल तर ओळंबा सोडा: वरच्या आणि खालच्या कडेत 400 मिमी अंतर असेल तर 7 मिमी म्हणजे एक अंश. शिम घालायचे की काढायचे हे शाफ्ट चासीच्या ब्रॅकेटच्या आत आहे की बाहेर यावर ठरतं. आपल्याला आर्म बाहेर ढकलायचा आहे एवढं लक्षात ठेवा. दोन्ही बोल्टवर सारखा फरक केला तर फक्त कॅम्बर बदलतो. पुढचा बोल्ट बाहेर आणि मागचा आत केला तर वरचा बॉल जॉइंट मागे जाऊन कॅस्टर वाढतो. शिम काढून संपले आणि तरी कॅम्बर पुरत नाही, अशी वेळ आली तर ऑफसेट शाफ्टला (आर्म आणखी बाहेर नेणाऱ्या शाफ्टला) पर्याय नाही. नाक खाली आणि मागचा भाग उंच ठेवलेला असेल तर त्यानेही कॅस्टर जातो: 2800 मिमी व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरावर) 49 मिमी कल म्हणजे पूर्ण एक अंश.

टो शेवटी. त्याआधी स्टिअरिंगचा गिअरबॉक्स मध्यावर आणा: या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मोजा, निम्म्यावर थांबा, स्टिअरिंग बांधून टाका. हातातलं चाक तिरकं दिसतं म्हणून स्टिअरिंग काढून दुसऱ्या दात्यावर बसवलेलं असेल, तर सरळ चालताना गिअरबॉक्स मध्यावर नसतो आणि तिथे मोकळा खेळ जाणवतो. रिम वाकडं फिरत असेल तर आधीच जॅकवर फिरवून सर्वात बाहेर येणाऱ्या जागी खडूची खूण करा. टो मोजताना ती खूण वर किंवा खाली ठेवा, कॅम्बर मोजताना आडवी. मग स्लीव्ह पाव फेरी, गाडी दोन-तीन मीटर मागे आणि परत पुढे, नाक दाबून सोडा, मोजा, लिहा. शेवटची हालचाल नेहमी पुढेच हवी, म्हणजे टाय रॉडमधला खेळ रस्त्यावर असतो तसा एका बाजूला जातो. खूण खाली-वर येऊन थांबली नाही तर जराशी अजून पुढे ढकला. 650 मिमी टायरवर एकूण टोतला 1 मिमी म्हणजे सुमारे 0.09 अंश, पट्टीवर अर्धा मिमी नीट वाचता आला तरी काम झालं. स्लीव्हचे क्लॅम्प आवळताना बोल्टचं तोंड कुठे येतं ते बघा, खाली बसवलेल्या गाडीत ते चासीला आपटतं. आवळल्यावर परत एकदा मोजा, कारण आवळताना स्लीव्ह हमखास थोडी फिरते.

पहिल्यांदा हे सगळं करताना अख्खा दिवस जातो, हे खरंच. कॅस्टरमध्ये मोठा फेरफार असेल, किंवा सपाट जागाच नसेल, तर मशीनवर जाणं शहाणपणाचं. मी स्वतः कॅस्टर तेवढा रॅकवर बघून घेतो आणि टो घरी येऊन दोरीवर परत लावतो. दोन्हीत फरक निघाला तर दोरी मानतो. नवे स्प्रिंग पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आणखी थोडे बसतात, तेव्हा टो पुन्हा मोजावा लागतोच, आणि दरवेळी फळ्या टाकून रॅम्प चढण्यापेक्षा घरचे पाइप काढणं मला सोपं जातं.

त्यानंतर टायरवर आडवा तळहात फिरवून बघा, आधी आतून बाहेर, मग उलट. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागलं तर टो अजून चुकलेला आहे, कॅम्बरला हात लावू नका.