नवीन पीसी आत्ता घ्यावा का थांबावं? सहा महिने थांबून घेतलेल्या मशीनचा रिव्ह्यू

आमचं परभणी जिल्ह्यातल्या सेलूला सेवा केंद्र आहे आणि सोबत डीटीपीचं काम, म्हणजे दिवसा फॉर्म, सातबारा, केवायसी आणि संध्याकाळी लग्नपत्रिका, बॅनर. नवीन डेस्कटॉप घ्यायचं मागच्या जुलैत ठरवलं आणि मशीन प्रत्यक्ष टेबलावर आलं ते यंदाच्या जानेवारीत. मधले सहा महिने कामून गेले, थांबून काय भेटलं आणि जे घेतलं ते कसं चालायलंय हे सगळं एकदा लिहून ठेवतो, कारण आठवड्यातून दोघंतिघं तरी दुकानात येऊन हेच विचारायलेत, दादा आत्ता घ्यावा का थांबावं.

जुनं मशीन २०१४ चं. फोर्थ जनरेशन आय३, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. दहा-अकरा वर्षं त्यानं घर चालवलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण सकाळी बटन दाबून झाडून घ्यायचं, देवाला उदबत्ती लावायची, समोरून चहा आणायचा, तवा कुठं डेस्कटॉप दिसायचा. जुलैत पीक विम्याच्या गर्दीत लई हाल झाले म्हणून नांदेडला एका दुकानातून कोटेशन आणलं. आय५ १२४००, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, मॉनिटर आणि विंडोज सोडून सगळं मिळून २९,९०० रुपये. आता वाटतं तेव्हाच पैसे देऊन मोकळं व्हायला पाहिजे होतं.

नाही घेतलं, कारण ज्याला त्याला विचारत बसलो. आधी काही जण म्हणले जीएसटी कमी होणारय, थांब. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी झाला पण कॉम्प्युटरवर आधीही १८ टक्के होता आणि नंतरही १८ च राहिला, कमी झाला तो ३२ इंचापेक्षा मोठ्या मॉनिटर-टीव्हीवर, २८ चा १८. मला तेवढा मोठा मॉनिटर घेऊन काय करायचं होतं? मग म्हणले दिवाळीत ऑफर असते. त्यातच सप्टेंबरच्या पावसानं इकडं सोयाबीन पाण्यात गेलं, अनुदानाच्या याद्या लागल्या, केवायसीला रांगा लागल्या, त्या गर्दीत नांदेडला जायला दिवस कुठून काढायचा. आणि १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझं मशीन विंडोज ११ ला चालणारंच नव्हतं, त्याला इंटेलचा आठव्या किंवा त्याच्या पुढच्या जनरेशनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० म्हणजे सुरक्षेची चिप लागते. भाचा म्हणला मामा मी जुगाड करून टाकून देतो. जुगाड होतो खरा, पण तसल्या मशीनला अपडेट भेटतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि माझ्या मशीनवर रोज पन्नास माणसांचं आधार उघडतं. लोकांच्या अंगठ्याचं काम आहे, तिथं जुगाड मला पटत नाही.

नोव्हेंबरातली एक दुपार सांगतो. लाडक्या बहिणीची ई-केवायसी चालू होती, मुदत आधी १८ नोव्हेंबर होती ती ३१ डिसेंबर झाली, आणि त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा. वालूरकडची एक ताई आली, नवरा रांजणगावला कंपनीत, ओटीपी जाणार त्याच्या मोबाईलवर. ती फोन कानाला लावून काउंटरला टेकून उभी, तिकडून तो एकेक आकडा सांगायलाय, ती मोठ्यानं म्हणायलीय, मी टाकायलोय, आणि चार आकडे झाले की स्क्रीन गोठली. माऊस हलेना. डब्यावरचा लाल दिवा नुसता जळायलाय आणि आत हार्ड डिस्क कुरकुर करायलीय. पेज जाग्यावर आलं तोवर ओटीपीची वेळ संपलेली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा नवऱ्याचा फोन लागला नाही, त्याची शिफ्ट चालू झाली होती आणि आत मोबाईल नेऊ देत नाहीत. ताईनं कागदं परत प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि म्हणली, "उद्या येते दादा." उद्या म्हणजे तिचं परत गाडीभाडं आणि कापूस वेचणीचा एक दिवस बुडाला. माझ्या मशीनपायी. त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरं सांगतो.

डिसेंबरात नांदेड गाठलं, वजिराबादला तेच दुकान, तोच माणूस. त्यानं जुनं कोटेशन बघितलं आणि म्हणला भाऊ आता ह्या भावात होत नाही. जुलैत १६ जीबी रॅम ३,४०० ला होती, आता ८ जीबीची एकच स्टिक ५,२०० ला. एसएसडी ३,००० ची ५,४०० झालेली. मला वाटलं फसवायलाय, बाहेर येऊन अजून तीन दुकानं फिरलो, ऑनलाइन बघितलं, सगळीकडं तेच. मग घरी येऊन वाचत बसलो तवा कळलं की जगात रॅमच्या चिपा मुख्य तीनच कंपन्या बनवतात, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, आणि त्यांचा माल आता एआयच्या डेटा सेंटरवाले उचलायलेत. त्या कामाला जी एचबीएम नावाची महागडी मेमरी लागते तिच्यात जास्त पैसा भेटतो म्हणून कारखाने तिकडं वळले, आणि आपल्या कामाची साधी डीडीआर४ रॅम तर जुनी म्हणून आधीच कमी करत आणली होती. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशियल नावानं दुकानात मिळणारा रॅम-एसएसडीचा धंदाच बंद करणार. नवीन कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला वर्षं लागतात, महिने नाही. म्हणजे "दोन महिने थांबा, भाव उतरेल" असं जे कोणी सांगायलेत त्यांना मी विचारतो, उतरणार कशानं? मागणी कमी झाल्याचं तर कुठंच दिसत नाही.

तरी मी अजून महिनाभर घुटमळलो. मग जानेवारीत एक गोष्ट डोक्यात बसली, महाग काय झालंय तर रॅम आणि एसएसडी, प्रोसेसर, बोर्ड, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) नाही. मग महाग असेल ती वस्तू आत्ता कमी घ्यायची आणि बाकी चांगलं घ्यायचं. १६ च्या जागी ८ जीबीची एकच स्टिक घेतली, बोर्डावर दोन स्लॉट आहेत, एक मुद्दाम रिकामा ठेवला. दुकानदार ४-४ च्या दोन देतो म्हणला, त्याला साफ नाही म्हणलं, त्यात दोन्ही स्लॉट भरतात आणि पुढं वाढवायचं तर दोन्ही काढून फेकावे लागतात. हे लक्षात ठेवा, लई जण इथंच चुकतात.

बिल असं झालं. प्रोसेसर १३,२००, एच६१० चा बोर्ड ६,१००, रॅम ५,२००, एसएसडी ५,४००, एसएमपीएस २,९००, कॅबिनेट २,३००. एकूण ३५,१०० जीएसटी धरून. विंडोज ११ चं लायसन्स ९,३०० वेगळं. म्हणजे जुलैपेक्षा ५,२०० जास्त दिले आणि रॅम निम्मी भेटली. कीबोर्ड, माऊस, यूपीएस जुनंच. मॉनिटरपण जुनाच १९ इंची ठेवला, बोर्डाला व्हीजीएचं तोंड आहे ते आधी बघून घेतलं होतं, नाहीतर कन्व्हर्टरच्या भानगडी लागतात.

प्रोसेसर बारावा जनरेशनच कामून, तेरावा-चौदावा का नाही, असं भाच्यानंही विचारलं. माझ्या कामाला सहा कोर आणि बारा थ्रेड लई झाले, ग्राफिक आतच आहे म्हणून कार्ड लागत नाही, आणि डीडीआर४ चा स्वस्त बोर्ड भेटतो. तेराव्या-चौदाव्याच्या मोठ्या प्रोसेसरमध्ये २०२४ साली व्होल्टेजचा घोळ निघाला होता, इंटेलनं बायोस अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवून दिली, १२४०० ला तो त्रास नाही. एक उणी बाजू आहे, ह्या सॉकेटला, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेला, चौदाव्याच्या पुढचं काही बसणार नाही. ज्याला दरदोन वर्षाला प्रोसेसर बदलायचाय त्यानं एएमडीचा एएम५ बघावा, पण त्याला डीडीआर५ लागते आणि ती तर अजून महाग. मला हे मशीन पुढची आठ वर्षं आहे तसंच वापरायचंय.

एसएमपीएसबद्दल जरा जास्त सांगतो कारण आपल्याकडं हाच विषय महत्त्वाचा. इथल्याच एका दुकानात मला साधं लोकल एसएमपीएस टाकून वर "विंडोज फुकट मारून देतो" म्हणले होते. कोणाचं नाव घेत नाही. पण शेतातल्या मोटारीची लाईन आली की आमच्या गल्लीत व्होल्टेज कसं खाली बसतं आणि मधीच कसं उसळी मारतं ते इथं राहणाऱ्यालाच माहीत. जुन्या मशीनचे अकरा वर्षांत तीन एसएमपीएस गेले आणि तिसरं जाताना एक हार्ड डिस्क घेऊन गेलं, त्यात दोन सीझनच्या पत्रिकांच्या फाइली होत्या. ह्यावेळी ४५० वॅटचं ब्रॉन्झ रेटिंगवालं घेतलं, आणि मशीन लावायच्या आधी वायरमन बोलावून अर्थिंग तपासलं, खड्ड्यात पाणी-मीठ टाकून घेतलं. त्याला ६०० रुपये गेले. सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे तेच.

दुकानदाराचं कौतुक करायला पाहिजे. मी पेनड्राइव्हवर एक जुनी पत्रिकेची कोरलची (पत्रिका-बॅनर बनवायचं सॉफ्टवेअर) फाइल, फॉन्ट आणि पिशवीत अंगठ्याचं मशीन घेऊन गेलो होतो. म्हणलं पैसे द्यायच्या आधी माझ्यासमोर हे चालवून दाखवा. दुसरा कोणी वैतागला असता, त्यानं दीड तास दिला. फाइल उघडली, "चि." आणि "सौ. कां." दोन्ही जाग्यावर, एकही जोडाक्षर फुटलं नाही, अंगठ्याच्या मशीनला नवीन ड्रायव्हर टाकला की तेपण चालू झालं. प्रत्येक पार्टचा डबा, सिरियल नंबर लिहिलेलं बिल, सगळं दिलं. डबे फेकू नका, वॉरंटीला लागतात. येताना रेल्वेत कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मांडीवरच घेतलं.

आता दीड महिन्याचा अनुभव. बटन दाबल्यापासून काम चालू व्हायला १५ सेकंद, उदबत्ती आता आधी लावावी लागते. क्रोमची बारा-पंधरा पानं, स्कॅनर, प्रिंटर एका वेळी चालतं. चार बाय सहाच्या बॅनरची फाइल जी सेव्ह करायला टाकून मी जेवून यायचो ती आता बघता बघता होते. आवाज जवळपास नाहीच. डबा पुढून जाळीचा आहे, आतून धूळ अडवायची बारीक जाळी येते, ती काढून दर रविवारी झटकतो कारण आमच्या रोडची काळी धूळ कशातही जाते.

कमी काय आहे तर रॅमच. कोरल, क्रोम आणि व्हॉट्सअॅप वेब तिन्ही चालू असलं की टास्क मॅनेजरात ८५ टक्के दिसतं, आणि कोरलमध्ये फोटो जास्त असले की जरा अडखळतं. एकच स्टिक असली की आतल्या ग्राफिकचा वेगपण कमी पडतो, माझ्या कामात ते जाणवत नाही पण ज्याला पोरासाठी गेमचं मशीन करायचंय त्यानं एका स्टिकवर भागवू नये.

मग कोणी थांबावं? ज्याचं मशीन आठव्या जनरेशनचं किंवा पुढचं आहे आणि फक्त स्लो चालतंय त्यानं नवीन घेऊच नये, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकावी, मशीन नवीन झाल्यासारखं वाटतं. विंडोज १० वरच अडकलेल्यांना घाई नसेल तर मायक्रोसॉफ्टचा ईएसयू म्हणून जादा वर्षाचा सपोर्ट आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट येतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला सेटिंग सिंक केल्या की पैसेपण लागत नाहीत, अपडेटच्या पानावरच नोंदणीचं बटन येतं. आणि कॉलेजच्या पोरांनी, टॅली शिकणाऱ्यांनी कंपन्यांतून निघालेले जुने डेस्कटॉप बघावेत, आठव्या जनरेशनचा आय५ बराच स्वस्तात भेटतो. तिथं एकच सांभाळा, सहाव्या-सातव्यावर ११ टाकून "विंडोज ११ वाला" म्हणून विकायलेत, पैसे द्यायच्या आधी प्रोसेसरचा नंबर स्वतःच्या डोळ्यानं वाचा. आणि त्या बारक्या डब्यांचं एसएमपीएस वेगळ्याच मापाचं असतं, गेलं तर तालुक्याला भेटत नाही.

पण ज्याचं पोट मशीनवर आहे आणि मशीन रोज दगा देतंय, त्यानं माझ्यासारखं सहा महिने लोकांना विचारत बसू नये. घ्या, फक्त रॅम कमी घ्या आणि एक स्लॉट रिकामा ठेवा.

ती वालूरची ताई नवीन मशीन यायच्या आधीच, डिसेंबरात, दुसऱ्या केंद्रावर करून आली. परवा सासूच्या उताऱ्यासाठी आली तवा प्रिंट हातात घेऊन म्हणली, "एवढ्यात झालं?" मी म्हणलं हाव ताई, झालं. तिचे पैसे घेतले नाहीत. दुसरी ८ जीबीची स्टिक जूनच्या आत टाकायची आहे, भाव काही का असेना, कारण जुलैत पुन्हा विम्याची रांग लागणार.