नट कितव्या पानावर गेला? : आधी पडदा, मग कादंबरी, नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत चौदा पुस्तकं वाचली. चौदाही अशी की त्यांतल्या माणसांशी माझी पहिली ओळख पडद्यावर झालेली. हे ठरवून केलं. एरवी मी आधी पुस्तक, मग सिनेमा या पंथाची. मध्यंतरानंतर "पुस्तकात असं नव्हतं" म्हणत शेजारच्याचं डोकं खाणारी. त्यामुळे धाकट्या बहिणीने माझ्यासोबत सिनेमाला येणं सोडलं होतं. म्हटलं, एकदा उलटं करून बघू.

पद्धत अगदी साधी. सिनेमा किंवा मालिका बघायची, मग कादंबरी उघडायची आणि नटाचा चेहरा जाऊन लेखकाचा माणूस कितव्या पानावर दिसायला लागला तो आकडा शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहायचा. तो क्षण नेमका पकडता येत नाही. नट काही दार आपटून जात नाही. चार-पाच पानांनी ध्यानात येतं की अरे, मघापासून कोणी दुसराच बोलतोय. मग मागे जाऊन अंदाजाने आकडा टाकायचा. नट शेवटपर्यंत गेलाच नाही, तर फुली.

सुरुवात 'बनगरवाडी'ने केली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, तर अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. आकडा आला नऊ! मला वाटलं होतं, मास्तरचा चेहरा निदान अर्ध्या पुस्तकापर्यंत चिकटून बसेल. तो पहिल्या प्रकरणातच विरघळला, कारण इथे मास्तर स्वतःच "मी" म्हणून सांगतोय. त्याच्या डोळ्यांनी बघताना त्याचा चेहरा दिसणार कुठून? कारभारी मात्र शेवटच्या पानापर्यंत सिनेमातलाच राहिला. तेव्हा याचा अर्थ लागला नाही, तो पुढे 'शाळा'त लागला.

'शाळा' मिलिंद बोकील यांची, सिनेमा सुजय डहाके यांचा. माझ्या प्रतीवर आकडा आहे एकसष्ट. नववीतला जोशी सांगतोय, मागे आणीबाणी चालू आहे, आणि त्याच्या डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी. सिनेमातला जोशी गोड आहे, पण तो बराच गप्प आहे. पुस्तकातला जोशी गप्प असतो तेव्हाच सगळ्यात जास्त बोलतो. वर्गात मान खाली घालून बसलेल्या मुलाच्या मनात काय चाललंय हे कॅमेऱ्याला दिसत नाही. तिथे पार्श्वसंगीत घालावं लागतं. साठेक पानांनंतर पडद्यावरचा मुलगा गेला आणि आवाज तेवढा उरला. जोशीला आवडणारी शिरोडकर काही गेली नाही. केतकी माटेगावकरच शेवटपर्यंत वर्गात बसून राहिली. कारण उघड आहे. जोशीसुद्धा तिला बाहेरूनच बघतो. तिच्या मनात काय आहे हे त्यालाही माहीत नाही, मलाही नाही, मग चेहऱ्याशिवाय धरायला आहे काय?

तेव्हापासून माझा ठोकताळा असा, की जो सांगतो तो नट लवकर निघून जातो आणि ज्याच्याकडे बघितलं जातं तो मुक्कामाला राहतो. पुढच्या दहा-बारा पुस्तकांत तो बहुतेक वेळा खरा ठरला.

'स्वामी'वर सणसणीत फुली आहे. रणजित देसाईंची कादंबरी १९६२ची, दूरदर्शनवरची मालिका १९८७ची. तिचे जेवढे भाग मिळाले तेवढे आईबरोबर बसून बघितले. आई प्रत्येक वाक्य रवींद्र मंकणींच्या आधी म्हणत होती. नंतर पुस्तक वाचायला घेतलं, तर प्रत्येक "माधवराव म्हणाले" पुढे मंकणींचा तो थांबून, शब्द तोलून बोलण्याचा सूर. आईला म्हटलं, "तू कादंबरी मालिकेच्या आधी वाचली होतीस ना? तेव्हा कोण दिसायचं?" तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "आता नाही गं आठवत." हे ऐकून थोडं वाईट वाटलं. पंचवीस वर्षं तिच्या मनात राहिलेला एक माधवराव मालिकेने पार पुसून टाकला होता. पण मंकणींना दोष तरी काय द्यायचा? ही कादंबरी बरीचशी संवादांवर उभी आहे, माणसं समोरासमोर उभी राहून बोलतात. नटासाठी जागा लेखकानेच करून ठेवलेली आहे.

'सिंहासन'च्या बाबतीत फसगत झाली, तीही माझ्याच अज्ञानामुळे. जब्बार पटेलांचा १९७९चा सिनेमा पाहिला आणि अरुण साधूंची त्याच नावाची कादंबरी मागवली. वाचतेय, वाचतेय आणि डोक्यातले निम्मे प्रसंग सापडेनात. वाटलं, प्रतीतून पानं गळाली आहेत की काय. मग कळलं की सिनेमा 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' अशा दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. विजय तेंडुलकरांनी दोन्हींचे धागे एका पटकथेत विणलेत. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचल्यावर मला या शिवणकामाचंच जास्त कौतुक वाटलं. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस हा त्यातला धागा. पुस्तकांत एवढी माणसं, एवढी कटकारस्थानं, की प्रत्येकाला आपापलं प्रकरण मिळतं. पडद्यावर मात्र एकाच माणसाच्या दमलेल्या डोळ्यांतून हे सगळं बघायचं. अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री मधूनमधून बाजूला झाले, पण निळूभाऊ काही हलले नाहीत. दिगूचं ते शेवटचं हसणं कानात असताना कादंबरीतलं राजकारण थंड डोक्याने वाचणं मला तरी जमलं नाही. फुली.

कानावरून आठवलं. 'जैत रे जैत'मध्ये मोहन आगाशे आणि स्मिता पाटील लवकर गेले, पण गाणी जाईनात. गो. नी. दांडेकरांची कादंबरी तशी छोटी. ढोल वाजवणारा नाग्या, चिंधी, लिंगोबाचा डोंगर, राणीमाशीचं वैर. सिनेमा नावाला सिनेमा, खरं तर तो ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर चालतो. पुस्तकात डोंगराचं नाव आलं की डोक्यात कोरस सुरू! दोन परिच्छेद गाण्याच्या ठेक्यात वाचून पुन्हा मागे जावं लागायचं. यासाठी माझ्या पद्धतीत खूणच नव्हती. शेवटी आकड्याऐवजी कोऱ्या पानावर एक छोटा ढोल काढून ठेवला.

एक सावधगिरीची सूचना. 'तुंबाड' हा २०१८चा सिनेमा पाहून श्री. ना. पेंडसे यांचं 'तुंबाडचे खोत' घ्यायला धावू नका. म्हणजे जरूर घ्या, दोन खंडांचा तो ऐवज घ्यावा असाच आहे, पण सिनेमातला राक्षस हस्तर त्यात शोधू नका. सिनेमाने तिथून नाव घेतलंय, भयाचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं आहे. माझी पहिली शंभर पानं तळघर कधी येतंय याची वाट बघण्यात फुकट गेली. मग गुमान पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. या नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त वेळ गेला इन्स्पेक्टर मोर्समध्ये. कॉलिन डेक्स्टर यांची ही इंग्रजी कादंबरीमाला १९७५ ते १९९९ अशी चालली, एकूण तेरा कादंबऱ्या. मालिका १९८७मध्ये सुरू झाली, जॉन थॉ मोर्सच्या भूमिकेत. मी तिचे बरेच भाग पाहिले आणि मग पहिली कादंबरी घेतली. त्यातला सार्जंट लुईस वेल्श निघाला, वयानेही मोर्सच्या आसपासचा. मालिकेतला लुईस तर उत्तर इंग्लंडचा, तरुण, मोर्सपुढे पोरगेलासा! मोर्सची गाडीही वेगळी. पडद्यावर लाल जॅग्वार, सुरुवातीच्या पुस्तकांत लॅन्शिया. म्हटलं, छान, इथे नट लवकर जाईल. आणि गेलाही, चाळिसाव्या पानाच्या आसपास.

पुढे मालिकेनंतर लिहिलेल्या कादंबऱ्या हातात घेतल्या, तर मोर्स जॅग्वारमधून उतरतोय! लुईसही हळूहळू पडद्यावरचा होत गेलाय. म्हणजे नट एकट्या माझ्याच डोक्यात शिरला नव्हता, तो थेट लेखकाच्या डोक्यात जाऊन बसला होता. इतकंच काय, जुन्या कादंबऱ्यांच्या नंतरच्या आवृत्त्यांतही गाडी बदलली गेली. हे कळल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. मी पेन्सिल घेऊन ज्याला हाकलत होते, त्याला मूळ मालकाने आपणहून किल्ल्या देऊन टाकल्या होत्या. आधी राग आला. मग वाटलं, आपणच निर्माण केलेल्या माणसाला वर्षानुवर्षं चालताना, बोलताना, चिडताना पाहिल्यावर कोणता लेखक बधला नसता? डेक्स्टर स्वतः तर मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात कुठेतरी क्षणभर दिसून जायचे. या नंतरच्या पुस्तकांवर मी आकडा टाकला नाही आणि फुलीही मारली नाही. एक प्रश्नचिन्ह आहे.

याच्या बरोबर उलटा मासला म्हणजे सिनेमावरून बेतलेली कादंबरी. हा प्रकार मी आजवर नाक मुरडून बाजूला ठेवायची. पोस्टरबरोबर विकायचा माल, दुसरं काय! 'एलियन' या १९७९च्या सिनेमाची कादंबरी अॅलन डीन फॉस्टर यांनी पटकथेवरून लिहिली आणि गंमत म्हणजे त्यांना तो प्राणी दिसतो कसा हे स्टुडिओने दाखवलंच नाही. गुपित फुटू नये म्हणून. आता ज्याचं वर्णन करायचं तोच बघितलेला नाही म्हटल्यावर बिचारा लेखक काय करणार? तो सावल्या लिहितो, आवाज लिहितो, माणसांची घाबरगुंडी लिहितो. सिनेमातला तो चकचकीत लांबट डोक्याचा प्राणी मी डोळ्यांसमोर घेऊनच बसले होते, पण पानावर त्याला धरून ठेवणारं काही नव्हतं, त्यामुळे तो अंधुक होत गेला. सिनेमापेक्षा पुस्तक सरस आहे असं मुळीच म्हणणार नाही. भाषा कामचलाऊ आहे. पण रात्री दिवा मालवायला दोन दिवस लागले, हेही खरं.

ग्रॅहम ग्रीन यांचं 'द थर्ड मॅन' या दोन्हींच्या मधलं. पटकथा लिहिण्याआधी स्वतःला गोष्ट सापडावी म्हणून त्यांनी ती कथा लिहून काढली. सिनेमा १९४९मध्ये आला, पुस्तक त्यानंतरच्या वर्षी. शेवट फोडतेय, पाहिला नसेल तर पुढचं वाक्य सोडा. पुस्तकात नायक-नायिका हातात हात घालून जातात, सिनेमात ती त्याच्याकडे न बघता सरळ पुढे निघून जाते. दिग्दर्शकाचा शेवटच बरोबर होता, हे ग्रीन यांनी पुढे स्वतः कबूल केलं. पुस्तकाचा शेवट वाचताना माझ्या डोळ्यांसमोरून ती चालत निघूनच गेली. छापील शब्द तिला थांबवू शकले नाहीत.

तक्रारीही आहेत. पहिली मुखपृष्ठांची. सिनेमा आला की प्रकाशक कादंबरीला पोस्टर चढवतात आणि मग नट पहिल्या पानाच्याही आधी, कव्हरवरच उभा! मी जुन्या कॅलेंडरच्या पानांची कव्हरं घातली आणि खरंच फरक पडला. दुसरी तक्रार एका ऑनलाइन विक्रेत्याची. मूळ कादंबरी मागवली, आली संक्षिप्त आवृत्ती, आणि "संक्षिप्त" हा शब्द आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात. परत करायची मुदत संपल्यावर लक्षात आलं, कारण तोवर मी सिनेमालाच दोष देत होते की एवढं जास्तीचं कुठून घातलं! ई-पुस्तकाच्या वाटेला मी फार गेले नाही. अक्षर मोठं केलं की पानं वाढतात, मग माझा आकडा कशाचा मानायचा? ऑडिओबुक एकच ऐकलं. त्यात निवेदकाच्या रूपाने तिसराच नट आला आणि आधीच्याशी भांडायला लागला.

सिनेमा आणि पुस्तक यांच्यात अंतर किती ठेवावं, हे बरेच जण विचारतात. आठवड्याच्या आत वाचलेल्या बहुतेक पुस्तकांवर फुली आहे. महिना-दीड महिना जाऊ दिला तर चेहऱ्याची धार जाते, प्रसंग मात्र आठवतात. मला ते मानवलं. पहिल्या तीन महिन्यांत हा धीर नव्हता, अधाशासारखी रात्री सिनेमा आणि सकाळी पुस्तक असं चाललं होतं. 'सिंहासन' त्यातच गेलं. ते पुन्हा वाचायचं आहे.

परवा बहिणीने 'शाळा' परत केलं. तिने सिनेमा पाहिलेला नाही. शेवटच्या पानावर माझ्या एकसष्टखाली तिने मोठं शून्य काढलेलं, त्याला दोन डोळे आणि हसरं तोंड. मी विचारलं, "मग तुला शिरोडकर कशी दिसली?" ती जराही न थांबता सांगायला लागली. दोन वेण्या, उजव्या भुवईवर खोक, हसताना हात तोंडावर. मी म्हटलं, "अगं, हे पुस्तकात कुठाय?"

"पुस्तकात नाही," ती म्हणाली. "आमच्या नववी ब मध्ये होती. तिसऱ्या बाकावर."