अठराचा मुकुट: साधा घ्यावा की डायबेंझो?

दरवर्षी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातलं कुणीतरी विचारतंच, "सर, प्रोजेक्टला क्राउन ईथर धरलंय. साधं 18-क्राउन-6 मागवू की डायबेंझो?" कधी खानापूरचं पोर असतं, कधी निपाणीचं, कधी अथणीचं. बेळगावात एका छोट्या कॉलेजच्या लॅबमध्ये मी दोन्ही वापरलीत, म्हणून लिहितोय. क्राउन ईथर म्हणजे धातूचा आयन मधोमध धरणारं वलय: नावातला 18 म्हणजे वलयातले एकूण अणू, 6 म्हणजे त्यातले ऑक्सिजन. डायबेंझो म्हणजे त्याच वलयाला दोन बेंझिन जोडलेलं.

कागदावर साधं 18-क्राउन-6 सरळ पुढे आहे. मिथेनॉलमध्ये पोटॅशियमसाठी त्याचा लॉग के (पकड किती घट्ट याचं माप, एकाने वाढला की पकड दहापट) साधारण 6, डायबेंझोचा साधारण 5. म्हणजे पकड दहापट. सोडियमला दोघं जवळपास सारखंच धरतात, 4.3 च्या आसपास. त्यामुळे पोटॅशियम आणि सोडियम वेगळे ओळखण्यातही साधंच सरस.

असं का, ते समजायला आमच्याकडची चुंबळ आठवा. घागर डोक्यावर येईपर्यंत चुंबळीला धड आकार नसतो, ती आतल्या आत दुमडलेली असते. रिकामं 18-क्राउन-6 तसंच: स्फटिकात त्याचे दोन सीएच-टू गट (एक कार्बन, दोन हायड्रोजन) आत वळून मधली पोकळी बुजवून बसतात. पोटॅशियम आला की वलय उघडतं, सहाही ऑक्सिजन आत तोंड करतात आणि तो बरोबर मध्यभागी टेकतो. डायबेंझोत दोन बेंझिन वलयं जोडलेली असल्याने चुंबळीत दोन पट्ट्या शिवल्यासारखं होतं. वाकणं कमी होतं, शिवाय बेंझिनला लागून असलेल्या चार ऑक्सिजनांकडचे इलेक्ट्रॉन थोडे तिकडे ओढले जातात. पकड सैल पडते ती यामुळे.

जाता जाता एक सांगतो. "15-क्राउन-5 सोडियमसाठी, 18-क्राउन-6 पोटॅशियमसाठी" असं प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर ठोकून देऊ नका. मिथेनॉलमध्ये मोजलं तर 15-क्राउन-5 सुद्धा पोटॅशियमलाच किंचित जास्त धरतं. सोडियम आपल्याभोवतीचं द्रावक सहजी सोडत नाही, त्याची किंमत मोजावी लागते. भोकाचं माप हा हिशेबाचा एक भाग झाला, सगळा हिशेब नव्हे. तोंडी परीक्षेला हे विचारतात.

आता माझं खरं दुखणं. आम्ही पहिल्यांदा साधं मागवलं. बाटली आली जुलैत. बेळगावचा जुलै काय असतो हे इथल्यांना सांगायला नको. वह्यांची पानंसुद्धा लवतात. 18-क्राउन-6 पाणी ओढून घेतं आणि त्याचा वितळणबिंदूच मुळात 40 अंशांच्या आसपास. पाणी शिरलं की तो आणखी खाली येतो. पहिल्या दिवशी पांढरे सुटे खडे होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी झाकण उघडलं तर आत पांढऱ्या कुंद्यासारखा गिचका. चमच्याला चिकटतो, कागदाला चिकटतो, तराजूच्या वाटीतून निघत नाही. आणखी आठवड्याने अटेंडंटने बाटली उजेडाकडे तिरकी धरली आणि म्हणाला, "नीर आगेत्री, सर." पाणी झालं होतं खरंच.

नुसता चिकटपणा असता तर सोसलं असतं. पण आमचा प्रयोग वाहकता मोजण्याचा होता: मिथेनॉलमध्ये पोटॅशियम क्लोराइड, वरून थेंब थेंब क्राउन. एकास एक जुळणी होते, म्हणजे क्राउन आणि पोटॅशियमचं प्रमाण 1 झालं की आलेख वळायला हवा. आमचा वळला 1.2 ला. दोन विद्यार्थिनी तीन दिवस उपकरणाला दोष देत बसल्या. चूक तराजूवर होती: 0.264 ग्रॅम, म्हणजे एक मिलिमोल, म्हणून जे मोजलं त्यात पाणीच बरंच होतं. ॲसिटोनायट्राइलमधून पुन्हा स्फटिक पाडून, निर्वातात ठेवून ते सुकवता येतं. आम्ही तेही केलं. पण पंप एकच, त्याला दहा मागणारे, मधेच वीज जाते.

त्यानंतर डायबेंझो आणलं. वितळणबिंदू 160 च्या वर. पांढरे, कोरडे, सुईसारखे तंतू. ऐन श्रावणात बाटली उघडी राहिली एकदा, काही झालं नाही. मोजलं तेवढं भरलं. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

बाकीचे फायदे नंतर कळत गेले. बेंझिन वलयांमुळे 275 नॅनोमीटरच्या आसपास ते दिसतं, म्हणजे कॉलेजच्या साध्या यूव्ही (अतिनील प्रकाशाच्या) यंत्रावर काम भागतं. साधं 18-क्राउन-6 तिथे अदृश्य, मग एनएमआर या महागड्या यंत्रावरच्या तपासणीसाठी नमुना बाहेर पाठवा आणि वाट बघत बसा. पिक्रेट (पिक्रिक आम्लाचा पिवळा क्षार) पाण्यातून ओढून काढण्याच्या प्रयोगात तर फरक डोळ्यांनी दिसतो. पोटॅशियम पिक्रेटचं पिवळं पाणी आणि क्राउन घातलेलं क्लोरोफॉर्म एकत्र हलवलं की पिवळा रंग खालच्या थरात उतरतो. डायबेंझो त्या थरातच राहतं. साधं पाण्यातही विरघळत असल्याने वर पळतं आणि हिशेब बिघडवतं. (पिक्रिक आम्ल ओलंच ठेवा. सुकलं तर स्फोटक.)

डायबेंझो म्हणजे या घराण्यातलं थोरलं भावंड, हेही मला आवडतं. ड्युपाँट या अमेरिकन रसायन कंपनीतल्या चार्ल्स पेडरसन यांना व्हॅनेडियमसाठी वेगळाच रेणू बनवायचा होता. कच्च्या मालात कॅटेकॉलची (बेंझिनला शेजारी-शेजारी दोन ओएच गट असलेल्या संयुगाची) भेसळ राहिली आणि 0.4 टक्के इतके पांढरे तंतू हाती आले. मिथेनॉलमध्ये ते विरघळेनात, सोडियमचा क्षार टाकताच विरघळले. हा प्रयोग परीक्षानळीत आजही करता येतो आणि मुलांना पुस्तकातल्या चार आकृत्यांपेक्षा जास्त पटतो. 1967 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं, 1987 साली क्रॅम आणि लेन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. पीएच.डी. नव्हती त्यांच्याकडे.

डायबेंझोची कुरकुर म्हणजे ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, अल्कोहोलमध्येही जेमतेम. तुमचा प्रयोग पाण्यातलाच असेल तर दुसरा मार्ग नाही, साधंच घ्या. आणि पैसे वाचवायला डायबेंझो लॅबमध्ये बनवू म्हणाल, तर कॅटेकॉलपासून 40 टक्क्यांच्या आसपास मिळतं, पण त्यात लागणारं डायक्लोरोइथिल ईथर भारी विषारी. आमच्या फ्यूम हूडकडे (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाकडे) बघून मी तरी नको म्हणेन.

क्रिप्टँड-222 चं (वलयाऐवजी पिंजऱ्यासारखा असलेला रेणू) नावही कुणीतरी काढतं. पकड जबर, मिथेनॉलमध्ये लॉग के 10 च्या वर. पण किंमत बघून विभागप्रमुख सही करणार नाहीत, आणि एकदा धरलेला पोटॅशियम ते लवकर सोडत नाही.

अथणीकडची हवा कोरडी, तिथल्याने साधं घेतलं तर पावसाळ्यात माझ्याइतका त्रास होणार नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की बाटली सावलीत ठेवा म्हणजे झालं. परमँगनेट विरघळवून टोल्युइन जांभळं करून दाखवायचं असेल तर साधंच भारी, तिथे काटेकोर माप लागत नाही. घ्यायचंच तर सगळ्यात लहान बाटली घ्या आणि दसऱ्यानंतर मागवा. आमच्या डेसिकेटरमध्ये (रसायनं कोरडी ठेवायच्या बंद भांड्यात) अर्धी उरलेली आहे, हवी असेल तर न्या. फक्त बाटलीवर लिहिलेल्या वजनावर विश्वास ठेवू नका.