गॅबी हेज की स्मायली बर्नेट?

जुन्या कृष्णधवल वेस्टर्न, म्हणजे हॉलिवूडचे काउबॉयपट, आता इंटरनेटवर फुकटात सापडतात. नायक कोण याने फारसा फरक पडत नाही. तो गोळी चुकवणार, मुलगी वाचवणार. रविवारची दुपार कशी जाणार हे ठरतं ते त्याच्या बाजूच्या घोड्यावर कोणता विनोदी साथीदार बसलाय यावर. दाढीवाला गॅबी की चौकड्यांच्या शर्टातला गोलमटोल स्मायली?

जाणकारांना विचाराल तर ते गॅबीच म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. गॅबी म्हणजे जॉर्ज हेज, मूळचा न्यूयॉर्क राज्यातला, जन्म १८८५चा, रंगमंचावर मुरलेला. पैसे गाठीला बांधून निवृत्त झाला होता, पण १९२९च्या शेअर बाजारात ते बुडाले आणि पुन्हा तोंडाला रंग लावावा लागला. घोड्यावर बसायला शिकला तोच चाळिशी उलटल्यावर! हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉय नायकाच्या सिनेमांत तो ‘विंडी’ होता. १९३९मध्ये पैशांवरून बिनसलं, तो रिपब्लिक या दुसऱ्या सिनेकंपनीकडे गेला, पण ‘विंडी’ हे नाव जुन्या कंपनीकडेच राहिलं. म्हणून ‘गॅबी’. प्रत्यक्षात माणूस टापटीप, कपड्यांचा शौकीन, शुद्ध बोलणारा. कॅमेऱ्यासमोर मात्र कवळी काढून ठेवायचा.

माझं घोडं अडलं ते या कवळीपाशी. बोळक्या तोंडाने पुटपुटलेली गावरान इंग्रजी, त्यात ऐंशी वर्षांपूर्वीचा खरखरता आवाज, आणि फुकटच्या प्रिंटला सबटायटल नाहीत. काउबॉय नायक रॉय रॉजर्सबरोबरच्या एका सिनेमात गॅबी काहीतरी खवचट बोलला, पडद्यावरचे सगळे हसले. मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. चौथ्यांदा आपोआप उमटणारी अक्षरं सुरू केली, तर गॅबी तावातावाने बोलतोय आणि खाली शब्द आला ‘संगीत’. शेजारी बसलेला आठ वर्षांचा पुतण्या म्हणाला, “काका, ते आजोबा कुणावर चिडलेत?” मला सांगता आलं नाही. माझा कान कच्चा असेलही; अमेरिकेत राहिलेल्यांना कदाचित ही अडचण येणार नाही.

स्मायलीची गंमत समजायला इंग्रजी जवळजवळ लागतच नाही. इलिनॉयमधल्या छोट्या रेडिओ केंद्रावर काम करणाऱ्या या पोराला गाणारा काउबॉय जीन ऑट्रीने १९३३च्या डिसेंबरात उचललं, आणि पुढे साठाहून जास्त सिनेमे दोघांनी एकत्र केले. बहुतेकांत हा ‘फ्रॉग मिलहाउस’. गाता गाता आवाज एकदम खाली नेऊन बेडकासारखा घोगरा काढायचा. पुतण्या दोन दिवस तोच आवाज काढत घरभर फिरत होता. त्याच्या पांढऱ्या घोड्याच्या एका डोळ्याभोवती काळं वर्तुळ, तो घोडा नुसता येऊन उभा राहिला तरी हसू येतं. गाणी चारशेवर रचली, शंभरेक वाद्यं वाजवायचा म्हणतात, आणि नोटेशन वाचता येत नव्हतं.

दोष आहेतच. खलनायक दाराशी येऊन ठेपलेला असतो आणि हा निवांत गाणं म्हणत बसतो. पाण्यात पडणं, जाड्या म्हणून टिंगल हे तर दर सिनेमाला. सलग तीन पाहिले तर कंटाळा येईल. गॅबीचा अभिनय तसा शिळा होत नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गुणगुणतो ते स्मायलीचं.

तरी ठरत नसेल तर १९३४चा ‘इन ओल्ड सांता फे’ लावा. नायक केन मेनार्ड, त्याचा साथीदार हेज, आणि मध्येच ऑट्रीबरोबर स्मायली येऊन गाऊन जातो. हेजच्या संवादांसाठी आवाज वाढवावा लागेल. गाणं सुरू झालं की आठवणीने कमी करा, शेजारी झोपलेले असतात.