टेसरॅक्ट: उबुंटूचं तयार पॅकेज घ्यावं की सोर्सवरून बिल्ड करावं?

जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन हातात आहेत आणि त्यांतला मजकूर शोधता येईल असा हवा आहे, म्हणजे वाट बहुतेक वेळा टेसरॅक्टपाशी येते, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणाऱ्या प्रोग्रॅमपाशी. एचपीच्या प्रयोगशाळेत १९८५ साली काम सुरू झालेलं हे इंजिन २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आज ते अपाची परवान्याखाली मिळतं आणि मराठीचं मॉडेलही (मराठी अक्षरं ओळखायला शिकवलेली फाइल) सोबत मिळतं. गाडी अडते ती त्यापुढे. एपीटीने (उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने) तयार पॅकेज घ्यायचं, की सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून आपल्या मशीनवर बिल्ड करायचं, म्हणजे त्यातून प्रोग्रॅम बांधायचा?

मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून मत आधीच सांगतो: "मराठी नीट वाचलं जात नाही" एवढ्याच कारणासाठी सोर्सकडे वळू नका.

वाचनाचा दर्जा बऱ्याच अंशी मॉडेलच्या फाइलवर ठरतो. उबुंटूचं मराठी पॅकेज टाकलं की जी फाइल येते ती 'फास्ट' संचातली असते. प्रकल्पाने 'बेस्ट' नावाचा दुसरा संचही ठेवलाय. तो हळू चालतो, पण अचूकतेला प्राधान्य देऊन बनवलेला आहे. त्यातली मराठीची एक फाइल उतरवायची आणि टेसडेटाच्या फोल्डरमध्ये (मॉडेलं ठेवण्याच्या जागी) ठेवायची, बस. काहीही कंपाइल करावं लागत नाही, आणि इंजिन ४ असो वा ५, फाइल तीच चालते. 'वाऱ्यावर', 'सुद्धा', 'लक्ष्मी' असे शब्द असलेलं एखादं पान निवडा, दोन्ही मॉडेलांकडून वाचून घ्या आणि निकाल शेजारी-शेजारी ठेवून बघा. हे अर्ध्या तासाचं काम आहे. बिल्डचा विचार त्यानंतर करा.

आता आवृत्तीचा मुद्दा. उबुंटू २४.०४ वर एपीटीने ५.३.४ मिळतं, तिथे बहुतेकांना सोर्सची गरजच नाही. उबुंटू २२.०४ वर मात्र ४.१.१ वरच थांबावं लागतं. फरक पडतो का? पिवळ्या पडलेल्या, एका बाजूला सावली आलेल्या पानांसाठी नक्की पडतो. ५.० पासून पान काळं-पांढरं करण्याच्या पद्धती निवडता येतात. त्यातली सॉव्होला पद्धत पानाच्या प्रत्येक भागाचा उजेड वेगळा धरते, त्यामुळे शिवणीजवळच्या अंधारात गेलेली अक्षरं वाचण्याची शक्यता वाढते. पुस्तकाच्या स्कॅनसाठी ५ हवं असण्याचं माझ्या मते हे सगळ्यात खरं कारण आहे. २२.०४ साठी पीपीएवरूनही ५ मिळतं. मात्र पीपीए म्हणजे उबुंटूच्या अधिकृत साठ्याबाहेर कुणीतरी बांधून ठेवलेलं पॅकेज. घरच्या लॅपटॉपवर मी ते खुशाल घेईन, संस्थेच्या सर्व्हरवर आधी विचारून घेईन.

सोर्सच्या वाटेने जायचंच ठरलं तर पायऱ्या मोजक्या आहेत: ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल आणि शेवटी एलडीकॉन्फिग (नव्या लायब्ररीची सिस्टिमला नोंद करून देणारी कमांड). सतत बदलणारी मुख्य शाखा न घेता प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा टॅग (तिची खूण लावलेला कोड) घ्या. कंपायलरला (कोडमधून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) सी++१७ ही भाषेची आवृत्ती यायला हवी. सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सच्या मूळच्या जीसीसी ४.८ या कंपायलरवर ५ बिल्ड होत नाही, तिथे आधी नवा कंपायलर आणावा लागतो. रॅम चार जीबी असेल तर मेकला एका वेळी दोनच कामं द्या, नाहीतर मशीन गुदमरतं.

वेळ जातो तो या पायऱ्यांच्या आजूबाजूला. माझं पहिलं बिल्ड एकही चूक न दाखवता पूर्ण झालं आणि टेसरॅक्ट चालवल्याबरोबर उत्तर आलं की लिबटेसरॅक्टची फाइल सापडत नाही. लायब्ररी (प्रोग्रॅमला लागणारी कोडची फाइल) यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये व्यवस्थित बसली होती, मी एलडीकॉन्फिग चालवायला विसरलो होतो. ते केलं, तर पुढची तक्रार आली: मॉडेलची फाइल उघडत नाही. एपीटीने आणलेली मॉडेलं जुन्या जागी असतात, नवं इंजिन यूएसआर-लोकलच्या शेअरमधल्या टेसडेटात शोधतं, आणि तो फोल्डर भाषांच्या बाबतीत रिकामा असतो. फाइली तिथे कॉपी करा किंवा टेसडेटा-प्रीफिक्स या सेटिंगमध्ये जुन्या जागेचा पत्ता द्या.

तिसरी गोष्ट जास्त त्रासाची, कारण ती बिल्डच्या वेळी कळतच नाही. चित्रं उघडण्याचं काम लेप्टोनिका ही वेगळी लायब्ररी करते. तीही सोर्सवरून बांधत असाल आणि टिफ या चित्रप्रकाराची डेव्हलपमेंट फाइल (बिल्डच्या वेळी लागणारी) मशीनवर नसेल, तर लेप्टोनिका टिफविना मुकाट्याने तयार होते. मग जेपेग उघडतं आणि टिफ स्कॅन उघडत नाही. टेसरॅक्टला आवृत्ती विचारली की खाली लेप्टोनिकाची ओळ येते आणि तिच्याखाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ अशी नावं. लिबटिफ दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका. शक्यतो लेप्टोनिका एपीटीनेच घ्या, हा प्रश्न उद्भवतच नाही.

ट्रेनिंगबद्दल एक गैरसमज बराच पसरलाय. शिसाच्या खिळ्यांवर छापलेल्या जुन्या टंकासाठी मॉडेल शिकवायचं असेल तर सोर्स लागतोच, असं सांगतात. उबुंटूच्या पॅकेजमध्ये ट्रेनिंगची साधनं आधीपासून असतात. उलट सोर्सवरून बांधताना नुसतं मेक केलं तर ती येत नाहीत, 'मेक ट्रेनिंग' वेगळं द्यावं लागतं आणि त्यासाठी आयसीयू, पँगो, कैरो या लायब्ररींच्या डेव्हलपमेंट फाइली लागतात. शिकवणं पुढे न्यायचं ते मात्र 'बेस्ट' मॉडेलवरूनच, 'फास्ट'वरून जमत नाही.

मग सोर्स कोणी घ्यावा? ज्यांना सर्व्हरवर सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) नाही त्यांनी, कॉन्फिगरच्या वेळी प्रीफिक्समध्ये, म्हणजे बसवण्याच्या जागी, आपला होम फोल्डर देऊन. जुन्या सिस्टिमवर अडकलेत आणि पीपीए चालत नाही, त्यांनी. ज्यांना इंजिनच्या कोडमध्ये हात घालायचाय, त्यांनी. बाकीच्यांनी एपीटीच घ्यावं. निघालेले अपडेट एपीटीनेच मिळतात, सोर्सवरून बसवलेल्या प्रतीची एपीटीला खबरही नसते.

दोन्ही एका मशीनवर नांदू शकतात. ४ ची लायब्ररी आणि ५ ची लायब्ररी वेगळ्या क्रमांकाने बसतात, त्यामुळे जुन्या लायब्ररीला जोडलेले प्रोग्रॅम मोडत नाहीत. कमांड दिल्यावर मात्र यूएसआर-लोकलमधली प्रत आधी सापडते. पायथन भाषेतलं पायटेसरॅक्टही त्याच कमांडला हाक मारतं, स्वतः काही वाचत नाही. म्हणून पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने) ते टाकलं तरी इंजिन वेगळं बसवावंच लागतं. आणि बिल्ड केलेला फोल्डर जागा अडवतो म्हणून पुसू नका. उद्या ही प्रत काढायची झाली तर 'मेक अनइन्स्टॉल' त्याच फोल्डरमधून चालवावं लागतं.